बंद करायचं असेल तर बॉनेट उघडा

मी, शशिकांत मधुकर पांढरीपांडे, वय सत्तावन्न, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, पोटासाठी डेटाबेस सांभाळणारा आणि मनासाठी डिझेल इंजिनं सांभाळणारा, असं लिहून ठेवतो की हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाच्या तीन नळ्या ठिकाणावर नाहीत. त्यांची बायपास येत्या मंगळवारी आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मी कसल्या नशेत नाही. रागात मात्र आहे. रागात केलेलं मृत्युपत्र चालतं का, हे मी वकीलबाईंना आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "मिस्टर पांढरीपांडे, शांत माणसं माझ्याकडे येतच नाहीत."

कायद्याचं इंग्रजी मृत्युपत्र त्यांनी केलेलं आहे. त्यात "तीन वाहने व गॅरेजमधील किरकोळ अवजारे" अशी एक ओळ होती. तिसऱ्या वाहनातलं इंजिन तेवढं माझ्या हातचं होतं आणि आता तेही नाही, म्हणून मी तीन खोडून दोन करायला लावलं. "किरकोळ" हा शब्द त्यांनी काढला नाही, म्हणून हा मराठी कागद. दोन्हींत फरक पडला तर घरापैशांबाबत इंग्रजी खरा धरावा आणि इंजिनांबाबत हा.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि निवृत्तीचा फंड, सगळं माझी पत्नी सौ. पद्मिनी हिला. तिने काय केलं ते कलम चारमध्ये येईल. त्यामुळे या कलमात काहीही बदलत नाही, कारण घर तिनेच उभं केलं, मी फक्त त्याच्या गॅरेजमध्ये राहिलो. मी गेल्यावर तिला तिथे ट्रेडमिल ठेवायची आहे, हे मला ठाऊक आहे. ठेवावी. फरशीवरचा काळा डाग घासत बसू नये. तो जात नाही.

कलम २. कोणतं इंजिन कोणाला, हे सांगण्याआधी इंजिनं काय आहेत हे सांगणं भाग आहे. नाहीतर माझ्यामागे कोणीतरी "जुन्या डिझेल गाड्या" म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजेल. मी इंजिनीअर नाही. नागपूरला बी. कॉम. केलं, खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलो आणि व्हिसावर इकडे आलो. इंजिन मी दुरुस्तीची पुस्तकं वाचून शिकलो, आणि पुस्तकात लिहिलेलं खोलून पाहिल्याशिवाय कधी खरं मानलं नाही.

(अ) चार सिलिंडरचं, एक पूर्णांक नऊ लिटरचं फोक्सवॅगन डिझेल, सन २००२. तेल कमी पितं, हिवाळ्यात कुरकुर करत नाही. पण त्याचा सगळा जीव एका रबरी पट्ट्यावर आहे. पट्टा वेळेवर बदलला तर इंजिन आयुष्यभर साथ देईल. नाही बदलला तर कुठलीही सूचना न देता तुटेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. या इंजिनाला प्रेम करणारा मालक नको, कॅलेंडर बघणारा हवा. म्हणून ही गाडी इथल्या मराठी मंडळातल्या ओजस भुसारी याला. त्याला इंजिनाबद्दल काडीची आस्था नाही. त्याने मला आजवर एकच प्रश्न विचारला आहे, "काका, माइलेज किती देते?" पण त्याच्या घरातल्या स्मोक अलार्मची बॅटरी दर वर्षी ठरल्या दिवशी बदलली जाते. योग्य माणूस आहे.

(आ) पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं मर्सिडीज टर्बो डिझेल, सन १९८५, ज्याला जाणकार ६१७ म्हणतात. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा, त्यावरचं हेडही बिडाचं, पट्ट्याच्या जागी लोखंडी साखळी. डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहील. ताकद सव्वाशे घोडे, तीही मागून दोन क्षणांनी येते. सिग्नलला शेजारी स्कूलबस उभी असेल तर ती पुढे जाते. पण भरवशाचं इंजिन मी त्याला म्हणतो जे बिघडायच्या आधी सांगतं. ६१७ सांगतं. आवाज बदलतो, धुराचा रंग बदलतो, सकाळी सुरू होताना किंचित जास्त थरथरतं. ऐकणारा असेल तर ते कोणालाही रस्त्यात उभं करत नाही.

(इ) सहा सिलिंडरचं, चोवीस व्हॉल्व्हचं, तीन लिटरचं मर्सिडीज टर्बो डिझेल, सन १९९८, जाणकारांच्या भाषेत ६०६. हेड ॲल्युमिनियमचं, तब्येत नाजूक, पण आत दडलेली ताकद अफाट. कारखान्यातून निघालं तेव्हा पावणेदोनशे घोडे. त्याचा इलेक्ट्रॉनिक पंप काढून जुना यांत्रिक पंप बसवला, पंपाचे प्लंजर मोठे केले, टर्बो मोठा केला, की खालचा भाग न उघडता तीनशेच्या पुढे जातं. हे मी ऐकीव सांगत नाही, मी केलं आहे. हे इंजिन या मृत्युपत्रात कोणालाही देता येत नाही. का, ते पुढे.

कलम ३. श्री. सिद्धेश सामंत, मूळ डोंबिवलीचे, राहणार पिस्कॅटवे, यांच्याविषयी.

सिद्धेशला मी बावीस वर्षं ओळखतो. दोघं एकाच कंपनीत, एकाच क्यूबिकलच्या दोन बाजूंना बसायचो. त्याच्याकडे सत्त्याऐंशी सालची मर्सिडीज डिझेल वॅगन होती. ती त्याने टर्नपाइकवर पाणी संपलेलं असताना, तापमानाची सुई लाल रेघेपलीकडे गेली असताना, टोलनाक्यापर्यंत चालवत आणली. मी विचारलं, "सुई दिसली नाही?" तर म्हणाला, "दिसली रे. वाटलं खाली येईल."

त्या गाडीत ६०६ बसवायचं मी ठरवलं. चार हिवाळे लागले. मेलेल्या इंजिनाचा पंप उतरवून नव्याला बसवला. ग्लो प्लग, म्हणजे सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या, हेडमध्ये गंजून अडकले होते. जोर लावला तर आतच तुटतात आणि मग हेडच उतरवावं लागतं. माझ्या हाताला ते जमेना. माझी मुलगी रुही तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने इंजिन गरम करून, तेल मुरवून, पाव फेरा सैल, परत घट्ट, परत सैल, असं करत सहाच्या सहा काढले. एकही तुटला नाही. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि मी ते सगळ्या मंडळाला सांगत सुटलो.

सिद्धेशचं आणि माझं भांडण जुनं होतं आणि गोडीचं होतं. मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला मक्याची कणसं भाजता भाजता सुरू व्हायचं.

"शशी, तुझं ६१७ मरत नाही हे मान्य, पण जगतं तरी कुठे?"

"तुझं जगतं. पण दवाखान्यात."

"अरे, काय उचलते ती गाडी! तूच बनवलीस ना यार?"

"मी बनवली म्हणूनच सांगतो, जपून."

पद्मिनी म्हणायची, यांची बायको म्हणून एकेक इंजिन ठेवा आणि मला मोकळं करा.

गेल्या जूनमध्ये सिद्धेशने माझा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमका किती आवळला ते मोजणारा पाना, मागून नेला. गॅरेजमध्ये शेल्फ बसवायचाय म्हणाला. शेल्फ बसवायला टॉर्क रेंच लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी हसलो आणि दिला. ऑगस्टमध्ये परत आला. ठेवताना बघितलं, तर त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यापर्यंत सैल केलेली होती, जशी वापरून झाल्यावर करायलाच हवी. मला बरं वाटलं. म्हटलं, बावीस वर्षांनी का होईना, या माणसाला एक गोष्ट शिकवता आली.

कलम ४. यंदाचा दसरा.

आमच्याकडे खंडेनवमीला पाने, पकडी, जॅक सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतो, त्या दिवशी एकाही अवजाराला कामाला लावत नाही. दसऱ्याला गाड्यांची पूजा, आधी माझ्याकडे, मग पिस्कॅटवेला सिद्धेशकडे. आणि कुंकू बॉनेटवर लावायचं नाही, बॉनेट उघडून इंजिनाच्या झाकणावर लावायचं, ही माझी पद्धत. बॉनेट काय, पत्रा आहे. पूजा काम करणाऱ्याची करायची. हे सिद्धेशला माहीत होतं, रुहीला माहीत होतं, पद्मिनीला माहीत होतं. म्हणजे मी काय उघडणार आहे हे तिघांनाही माहीत होतं.

सिद्धेशच्या गॅरेजमध्ये सगळे माझ्या मागे उभे होते. मी बोट कुंकवात बुडवलं आणि वॅगनचं बॉनेट उचललं.

इंजिन नव्हतं. त्या जागी ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा, जाड नारिंगी वायरी आणि डब्याला झेंडूची माळ.

सिद्धेश माझ्या नागपुरीची नक्कल करत म्हणाला, "काय बे शशी, कसं वाटून राहिलं?"

मी विचारलं, "इंजिन कुठाय?"

"अरे, आधी ही इलेक्ट्रिक मोटर तर बघ. सिग्नलवरून सुटते ना—"

"सिद्धेश. इंजिन कुठाय?"

"गेलं यार. चांगल्या माणसाकडे गेलं. पेनसिल्व्हेनियात. मी ऑनलाइन टाकलं होतं."

ती जाहिरात मी नंतर शोधून वाचली. "चालू स्थितीतलं इंजिन. स्वतः येऊन न्यावं." चार हिवाळ्यांचं वर्णन एवढंच.

मला वाटलं, याने कुठल्यातरी दुकानाकडून करून घेतलं असणार. म्हणून मी वाकून दोष शोधायला लागलो. दुकानवाले वायरी कशाही बांधतात, ब्रॅकेटच्या कडा घासत नाहीत, मला चूक सापडणारच होती. नाही सापडली. प्रत्येक कड घासलेली. प्रत्येक वायरीला क्लॅम्प, रबरासकट. आणि प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ.

बोल्ट योग्य तेवढा आवळला की त्याच्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक पिवळी रेघ मारायची. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही सवय मी आयुष्यात एकाच व्यक्तीला लावली.

मी मागे वळून रुहीकडे बघितलं. ती हातातल्या आपट्याच्या पानांकडे बघत होती. रुही आता चोवीस वर्षांची आहे, पिस्कॅटवेतच राहते, बॅटऱ्यांच्या एका कंपनीत काम करते.

"बाबा, से समथिंग."

"कधीपासून?"

"मे." मग म्हणाली, "बाबा, आय न्यू यू वुड से नो. आणि तूच म्हणतोस ना, पोटेन्शिअल बघायचं. त्या गाडीत अजून होतं."

"त्या इंजिनात होतं, बेटा."

"इंजिन मी नीट काढलं. नथिंग ब्रोक. प्रत्येक होल बंद करून दिलं."

"मला काढून झाल्यावर दाखवलंस."

सिद्धेश मध्ये पडला. "माझ्यावर ओरड ना, तिच्यावर काय. मी सांगितलं तिला. शशी, यार, माझी पाठ गेलीय. मला गाडीत बसून कुठेतरी जायचंय, गाडीखाली झोपायचं नाहीये."

हे त्याचं म्हणणं चूक आहे असं मी इथे लिहीत नाही. गाडी त्याची. पाठ त्याची. पण एवढं मला चहा पिताना सांगायला काय हरकत होती? मी नाही म्हणालो असतो. पंधरा दिवस बोललो नसतो. मग जाऊन स्वतःच्या हाताने इंजिन उतरवलं असतं, आणि कोणाकडे जायचं ते मी ठरवलं असतं.

घरी येताना पद्मिनी म्हणाली, "तिला तुम्हाला खूश करायचं होतं हो."

"तुला ठाऊक होतं?"

तेव्हा मला उन्हाळाभर शनिवारी सकाळी जाणारे डबे आठवले. "सिद्धेशभावजींना माझे पोहे आवडतात" म्हणून शनिवार-रविवार राहायला येणाऱ्या रुहीच्या हाती दोघांपुरते पोहे पाठवायची. मी एकदा विचारलंही होतं, एकट्या माणसाला एवढे? तर म्हणाली, त्यांना भूक असते.

माझ्या बोटाचं कुंकू घरी येईपर्यंत तसंच होतं. ६१७ च्या स्टिअरिंगला लागलं. ते मी पुसलेलं नाही आणि कोणी पुसू नये.

कलम ५. श्री. सिद्धेश सामंत यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. आधी त्यांच्या नावे माझा दोन टनांचा जॅक ठेवला होता, तो मी रद्द करतो. त्यांना आता गाडीखाली जायचं नाही. माझ्या अंत्यविधीला त्यांनी यावं, यायला हरकत नाही, पण त्या गाडीतून येऊ नये. आलेच तर दूर उभी करावी. तिचा आवाज येत नाही. ती कधी आली हे मला कळणार नाही.

कलम ६. ६०६ आज ज्या गृहस्थाकडे आहे त्याला मी ओळखत नाही. रुहीकडे त्याचा पत्ता आहे. माझ्या उजवीकडच्या कपाटात, वरच्या खणात, त्या इंजिनाचे न वापरलेले सहा नोझल आणि सहा ग्लो प्लग आहेत. ते त्याला पाठवावेत आणि सोबत एवढं कळवावं: इंजिन गरम असल्याशिवाय ग्लो प्लगला पाना लावू नये, हेडचं पाणी कधीही अर्ध्या कपानेसुद्धा कमी होऊ देऊ नये, आणि पहिल्यांदा तीन हजार आरपीएमला नेशील तेव्हा एकटा असू नकोस, कोणालातरी शेजारी बसव. ते ऐकण्यासारखं आहे.

कलम ७. गॅरेजमधली सर्व अवजारं, टॉर्क रेंचसकट, व्हॉल्व्ह जुळवायचे दोन वाकडे पाने धरून, रुही शशिकांत पांढरीपांडे हिला. ती माझी मुलगी आहे म्हणून हे देत नाही. न्यू जर्सीत माझ्या माहितीत ती वापरून जागेवर ठेवणारं दुसरं कोणी नाही म्हणून देतो. दुसऱ्या कोणाला दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी दीड महिना तसा माणूस शोधला.

कलम ८. राहता राहिलं ६१७. सगळा प्रश्न याचाच होता.

मला वकीलबाईंकडून अशी अट लिहून हवी होती की जो कोणी ही गाडी घेईल त्याने तिचं इंजिन कधीही काढू नये. त्या म्हणाल्या, अट लिहिता येईल, पण ती पाळली जाते की नाही हे बघायला कोण जाणार? एकदा दिलेली गाडी घेणाऱ्याची. मी म्हटलं, मग माझ्या हातात काय राहतं? त्या म्हणाल्या, "कोणाला द्यायची, ते."

पद्मिनी ही गाडी चालवणार नाही. ओजस हिचे व्हॉल्व्ह जुळवणार नाही. मंडळाला दिली तर गणपतीत एक दिवस चालेल आणि अकरा महिने पार्किंगमध्ये सडेल. या इंजिनाचा आवाज बदलला तर ज्याला कळेल असं माणूस एकच आहे, आणि त्याच माणसाने मेपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी माझ्यासमोर बसून वरणभात खाल्ला आणि मला कळू दिलं नाही.

म्हणून ही गाडी रुहीला. कागदावर कुठलीही अट नाही. तिला ठेवायची तर ठेवावी. तिच्यात मोटर बसवायची तर ती बसवू शकेल, आणि चांगली बसवेल, हे मी बघितलं आहे.

फक्त एक काम मी गेल्या रविवारी करून ठेवलं आहे. या गाडीची किल्ली फिरवली की एक बारीक व्हॅक्यूमची नळी पंपाला थांबायला सांगते आणि इंजिन बंद होतं. ती नळी मी पंपापासून सोडवली आहे. सुट्या टोकाला रबरी टोपण घातलं आहे, त्यामुळे ब्रेकवर काही परिणाम नाही. तपासून घेतलं आहे. पण आता किल्ली काढून खिशात घातली तरी ६१७ चालू राहतं. ते थांबवायला गाडीतून उतरावं लागतं, बॉनेट उघडावं लागतं, इंजिनासमोर उभं राहून पंपावरचा लाल खटका हाताने दाबावा लागतो. हलकेच टिचकी मारून चालत नाही. पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरावा लागतो.

रुही, नळी परत जोडायला तुला दोन मिनिटं लागतील हे मला माहीत आहे. जोडायची की नाही ते तुझं तू बघ. पण हे इंजिन उतरवायचं ठरवलंस तर आधी एकदा सुरू कर, गरम होऊ दे, आणि शेवटचं हातानेच बंद कर. त्याच्यासमोर उभी राहून. त्याच्या नकळत नको.

कलम ९. मंगळवारी मी वाचलो तर हे मृत्युपत्र रद्द होत नाही. गाडी मला घ्यायला हॉस्पिटलच्या दारात आणली तर किल्ली काढून कोणी निघून जाऊ नये, एवढीच सूचना.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला. म्हणून दुसऱ्या साक्षीदार शोभनाकाकूंना माझा खलबत्ता मी हयातीतच दिलेला आहे. काकूंनी सहीआधी सगळं वाचलं आणि विचारलं, "शशिकांत, हे मृत्युपत्र आहे की तक्रार?" मी म्हटलं, काकू, सही दोन्हींवर चालते. मग त्या म्हणाल्या, खटक्याचं खरं की खोटं ते बघितल्याशिवाय सही करणार नाही. म्हणून दोघाही साक्षीदारांना गॅरेजमध्ये नेलं.

ठिकाण: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) शशिकांत मधुकर पांढरीपांडे

साक्षीदार १: (सही) अमित लोणकर, वेस्ट विंडसर. शशिकांत यांनी माझ्यासमोर सही केली. किल्ली माझ्या हातात होती आणि गाडी चालू होती, हे मी पाहिलं.

साक्षीदार २: (सही) शोभना टिपणीस, वेस्ट विंडसर. सही माझ्यासमोर झाली. लाल खटका मी स्वतः दाबला. पहिल्यांदा घाबरून लवकर सोडला, तर विझत आलेलं इंजिन पुन्हा सावरलं. दुसऱ्यांदा थांबेपर्यंत धरून ठेवला. शशिकांत तोवर दुसरीकडे बघत होता.